मिस्चरचा स्क्रू सगळ्यात शेवटी

पद्मिनी घेतलीस, फार चांगलं केलंस. आता पहिली गोष्ट नीट ऐक. बॉनेट उघडलं की हात कार्बोरेटरकडे जातो, तो आवर. गाडी मिसिंग करते, उचलत नाही, ॲव्हरेज देत नाही, सिग्नलला बंद पडते, यातली कुठलीही तक्रार असो, माणूस आधी कार्बोरेटरवर आळ घेतो. समोर दिसतो, स्क्रू हाताशी असतो, फिरवला की आवाज बदलतो, म्हणून वाटतं की रोग सापडला. बहुतेक वेळा रोग दुसरीकडेच असतो. पॉइंट जळलेले असतात, टॅपेट घट्ट झालेले असतात, नाहीतर कुठूनतरी हवा खेचली जात असते. तो दोष तसाच ठेवून स्क्रूने झाकला, की आज गाडी बरी वाटते आणि महिन्याभरात दोन रोग होतात. कार्बोरेटर शेवटी. बाकी सगळं मी सांगतो ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

हे आत्ता सांगायचं कारण आहे. पूर्वी पद्मिनीला कान लावून ट्यूनिंग करणारा मिस्त्री गल्लोगल्ली होता, कारण गिऱ्हाईक म्हणून मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघायच्या, सुटे भाग हाकेच्या अंतरावर मिळायचे. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचा धंदाही संपला. टॅक्सी गेली तसा तो मिस्त्रीही गेला. आजच्या गॅरेजमधला मुलगा हुशार आहे, पण तो स्कॅनर लावायला शिकलाय. तुझ्या गाडीला स्कॅनर लावायची जागाच नाही. तेव्हा हे तुलाच शिकावं लागणार.

सुरुवात टॅपेटपासून कर. इंजिन थंड असताना, फीलर गेज घेऊन, गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच गॅप ठेव. टॅपेट किंचित वाजला तर चालेल, पण घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो, आणि आयडलिंगला गाडी अशी थरथरते की मिस्चर बिघडलंय अशी खात्रीच पटते. मग डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, उघड. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालं असेल तर कानस मारत बसू नकोस, सरळ नवा पॉइंट टाक, कंडेन्सरही बदल. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.६. वायरींचा क्रम १-३-४-२, तो तोंडपाठ असू दे. त्यानंतर टायमिंग. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग हलतं, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही.

आपल्याकडच्या हवेचं एक सांगतो. एका बाजूला खाडी, एका बाजूला मिठागरं, उत्तनच्या अंगाला समुद्र. भाईंदरात उघड्यावर ठेवलेल्या गाडीला मीठ चढतं. बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला आवळलेली असते तिथे बोल्टखाली गंज धरतो, करंट कमी पडतो, ठिणगी पिवळी आणि दुबळी होते. पावसाळ्यात डेल्कोच्या कॅपच्या आत ओल येते. गाडी सकाळी फटफट करते आणि तापल्यावर सुधारते, अशी तक्रार जुलैत आली की कार्बोरेटरकडे बघायचंसुद्धा नाही. कॅप काढ, सुक्या फडक्याने पूस, अर्थिंग खरवडून स्वच्छ कर.

ठिणगी पक्की झाली की हवा. इंजिनात हवा फक्त एअर क्लीनरमधून आणि कार्बोरेटरच्या गळ्यातूनच जायला हवी. पण कार्बोरेटरखालचं पॅकिंग सुकतं, मॅनिफोल्डचा नट सैल होतो, आणि जिथून नको तिथून हवा आत शिरते. अशी गाडी आयडलिंगला कधी वर कधी खाली होते, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी एका जागी ठरत नाही. शोधायची रीत अशी. इंजिन आयडलिंगवर ठेव आणि तेलाच्या कुपीने सांध्यावर एकेक थेंब सोडत जा. ज्या जागी थेंब आत ओढला जाऊन इंजिनाचा आवाज बदलेल, तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. ते कधीही करू नकोस. जवळच तापलेलं लोखंड असतं आणि गाडीला आग लागायला एक ठिणगी पुरते. बॉनेट उघडं असेल तेव्हा अग्निशामक सिलिंडर हाताच्या अंतरावर हवाच.

कार्बोरेटरचे नट आवळतानाही हात राखून. जोर लावला की त्याचा तळ वाकतो, आणि वाकलेला तळ नव्या पॅकिंगनेही हवा धरत नाही. काढलाच कधी तर काचेच्या तुकड्यावर पालथा ठेवून बघ, खालून उजेड दिसला की समज. आणि थ्रॉटलचा दांडा बोटांनी हलवून बघ. वर्षानुवर्षं फिरून त्याची भोकं झिजतात. दांडा खडखडत असेल तर त्याला बुश घालून घ्यावा लागतो, स्क्रूवर त्याचा इलाज नाही.

आता पेट्रोलची वाट. टाकीपासून निघालेला पाइप, मग एसी पंप, म्हणजे पेट्रोलचा पंप, मग कार्बोरेटरचा बाउल. पंपाच्या वाटीत गाळ आणि पाणी साठतं, ती उघडून धू. बाउलमध्ये फ्लोट असतो, पितळेचा. तो कानाशी धरून हलव. आत पेट्रोल डचमळल्याचा आवाज आला तर फ्लोट फुटलाय. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. मग तो चिमट्यात धरून गरम पाण्यात बुडव, चिरेतून बुडबुडे निघतील. आधी त्यातलं पेट्रोल पूर्ण बाहेर काढ, नंतरच डाख लाव, आणि तोही अगदी थेंबभर. डाख जास्त झाला की फ्लोट जड होतो, बाउलमध्ये पेट्रोलची पातळी वर चढते, आणि तू महिनाभर रिच मिस्चरचं कारण शोधत बसतोस. पातळी ठरवणारी आणखी एक वस्तू म्हणजे नीडल व्हॉल्व्हखालचा वॉशर. जाड वॉशर टाकला की पातळी खाली, पातळ टाकला की वर. नवा नीडल बसवताना जुन्या वॉशरची जाडी मोजून तेवढाच टाकायचा. लोक हाती येईल तो वॉशर घालतात, आणि तिथून पुढचं सगळं ट्यूनिंग वाकड्या पायावर उभं राहतं.

जेट साफ करताना तार घालायची नाही. हे मी दोनदा सांगतो, तार घालायची नाही. जेट पितळेचा, तार पोलादाची, एका खरवडीत भोक वाढतं. जेटवर आकडा कोरलेला असतो तो मिलिमीटरच्या शतांशात असतो, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० चा १२५ झाला तर वाटतं काय एवढं, पण भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांहून जास्त वाढतं. तेव्हा जेट पेट्रोलमध्ये भिजव आणि हवेच्या नळीने फुंकून काढ. कचरा अगदीच चिकटला असेल तर ब्रशचा एक नायलॉनचा केस पुरे.

अजून एक गोष्ट बघून घे, इंजिन बंद असताना. एअर क्लीनर काढ, कार्बोरेटरच्या गळ्यात डोकाव आणि हाताने थ्रॉटल झटकन उघड. त्याच क्षणी पेट्रोलची एक बारीक, सरळ धार गळ्यात पडली पाहिजे. ती धार उशिरा आली, तुटक आली किंवा नुसता थेंब लोंबला, तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा गेलाय किंवा त्याचा जेट तुंबलाय. सिग्नल सुटल्यावर पाय दिला की गाडी क्षणभर ठसका खाते आणि मग उचलते, त्याचं कारण बहुधा हेच. मिस्चरचा स्क्रू फिरवून हा ठसका कधी जात नाही.

इतकं झाल्यावरच स्क्रूड्रायव्हर हातात घे. पण त्याआधी हा स्क्रू काय करतो हे डोक्यात पक्कं असू दे. मिस्चरचा स्क्रू फक्त आयडलिंगचं आणि पाय नुकता टेकवतानाचं मिस्चर ठरवतो. हायवेला तू पन्नास-साठने चाललास की पेट्रोल मेन जेटमधून येतं, तिथे या स्क्रूला फारसं काही म्हणायचं नसतं. ॲव्हरेज वाढवायचं म्हणून हा स्क्रू आत आवळत जाणारे खूप पाहिले. त्यांचं पेट्रोल वाचत नाही. सिग्नलला गाडी बंद पडते, म्हणून ते रेस वाढवून ठेवतात, आणि वाचवायला निघालेलं पेट्रोल उभ्या गाडीत जाळतात.

इंजिन पूर्ण तापू दे. उत्तनपर्यंत एक फेरी मारून आलास तरी चालेल. चोकची खुंटी पूर्ण आत गेलीय ना, आणि ती आत गेल्यावर खाली कार्बोरेटरवरचा चोकचा दांडाही मागे आलाय ना, हे डोळ्यांनी बघ. केबल अडकून अर्धा चोक चालूच राहिलेल्या कितीतरी गाड्या रिच म्हणून ट्यूनिंगला येतात. दिवे, पंखा बंद. एअर क्लीनर जागेवर, कारण तो काढून सेट केलेलं मिस्चर तो लावल्यावर बदलतं.

इंजिन बंद करून मिस्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत ने, टेकला की थांब. आवळायचा नाही, टोकाला खाच पडली की तो स्क्रू टाकाऊ. तिथून दीड फेरा बाहेर. ही सुरुवातीची जागा. गाडी चालू कर, थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंग नेहमीपेक्षा थोडं वर ठेव. आता मिस्चरचा स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरव आणि प्रत्येक वेळी थांब. इंजिनाला उत्तर द्यायला काही क्षण लागतात. घाई करणाऱ्याला मागच्या फिरवण्याचं उत्तर आत्ता ऐकू येतं, आणि तो चुकीच्या बाजूला जातो. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या या स्क्रूवर बाहेर काढलं की पेट्रोल वाढतं, आत नेलं की कमी होतं. बऱ्याच मोटरसायकलींवर हे उलटं असतं, कारण तिथला स्क्रू हवेचा असतो. बाइकवर शिकलेला पोरगा पद्मिनीवर चुकतो तो इथेच.

बाहेर काढत गेलास की इंजिनाची गती चढत जाईल, एका जागी सगळ्यात वर आणि सगळ्यात एकसारखी होईल, आणि त्यापुढे पुन्हा जड होऊ लागेल. ती सगळ्यात वरची जागा सापडली की तिथून स्क्रू आत ने, गती जेमतेम पडायला लागेल इतका, आणि मग केसभर बाहेर. त्यानंतर थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंग खाली आण. गती बदलली की मिस्चरही हलतं, म्हणून हे सगळं पुन्हा एकदा कर. दुसऱ्या वेळी फरक अगदी थोडा निघेल. पुष्कळ निघाला तर कुठेतरी हवा खेचली जातेय, मागे जा.

कान तयार होईपर्यंत सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहा. मिस्चर लीन असेल, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, तर आवाज कुठल्याच तालात बसत नाही. मधेच एक ठोका चुकतो, पुन्हा येतो, पुन्हा चुकतो. सायलेन्सरच्या तोंडाजवळ तळहात धरलास तर झोताच्या मधेच उलटी ओढ लागते. पाय काढून उतारावरून येताना सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ असा आवाज येतो. रिच असेल तर चुकण्यालाही ताल असतो, गाडी घोड्याच्या दुडक्या चालीसारखी डुलते, डोळे चुरचुरतात, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरला तर त्यावर ओलसर काजळी बसते. बरोबर मिस्चर असलेल्या पद्मिनीच्या बॉनेटवर हात ठेवलास तर थरथर असते, पण धक्का नसतो.

मिस्चरचे आकडेही माहीत असू देत. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात. चढावर पूर्ण ताकद हवी असते तेव्हा इंजिन साडेबारा-तेरावर खूष असतं, सपाटीवर निवांत चालताना पंधरा-सोळाही चालतात. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलला हवा कमी लागते, एकाला नऊ. त्यामुळे या मिश्र पेट्रोलचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तुझ्या इंजिनाला पूर्वीपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं, आणि जेट तर जुनेच, शुद्ध पेट्रोलसाठी मोजलेले. म्हणून आज बहुतेक जुन्या गाड्या आपोआप लीन झाल्यात. थंड इंजिन पटकन घेत नाही, चढावर दम सोडतं, जास्त तापतं. आणि मालक म्हणतो, मी तर काहीच बदललं नाही. त्याने नाही बदललं, पेट्रोल बदललं.

मग १२० च्या जागी १२५ चा मेन जेट टाकायचा का? हिशेब जुळतो खरा, पण लगेच नको. आधी प्लग बघायचे. पहाटे उत्तनच्या रस्त्याला, वर्दळ सुरू व्हायच्या आत जा. मोकळा सरळ पट्टा बघ, मागे गाडी नाही ना ते बघ. तिसऱ्या गिअरवर पूर्ण पाय देऊन थोडं ओढ, मग एकदम क्लच दाब आणि चावी एकच खाच मागे घे. पूर्ण मागे नाही, स्टेअरिंग लॉक होता कामा नये. गाडी तशीच घसरत बाजूला घे आणि प्लग काढ. आयडलिंगवर उभ्या केलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगचीच गोष्ट सांगतो, म्हणून हा खटाटोप.

प्लगचा रंग बदामी हवा असं सगळे सांगतात. पण तो गडद बदामी जुन्या, शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातला. २००० सालापासून शिसं गेलं, आणि आता इथेनॉल आहे, त्यामुळे चांगल्या मिस्चरचा प्लगही फिकाच दिसतो. फिका म्हणून घाबरून पेट्रोल वाढवत गेलास तर फसशील. भिंग घे आणि पांढऱ्या चिनी मातीच्या मुळाशी, आत खोल, बघ. तिथे तपकिरी कडं दिसलं तर ठीक. मुळापर्यंत कोरी पांढरी आणि टोकाला बारीक चमकदार कण असतील तर धोक्याचं लीन, तेव्हा एक नंबर मोठा जेट टाक, एकाच नंबरने, आणि पुन्हा बघ. काळी, कोरडी, मखमली काजळी म्हणजे रिच. ओली आणि तेलकट असेल तर तो रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह गाइडचा प्रश्न, कार्बोरेटरचा नाही. चारांत एकच प्लग वेगळा निघाला, तरीही कार्बोरेटरचा नाही, कारण चारही सिलिंडरना तो एकच कार्बोरेटर पाजतो. त्या एका सिलिंडरचा टॅपेट, वायर, नाहीतर मॅनिफोल्डचं पॅकिंग बघ.

घोडबंदर रोडला गायमुखचा चढ आहे. चार माणसं बसवून तो चढ चढून बघ. दम टिकला, ठसका नाही, इंजिनात कणकण वाजली नाही, तर मेन जेट बरोबर आहे.

पीयूसीवाल्याचं यंत्र हा तुझ्या कानाचा साक्षीदार आहे, त्याला नुसता कागद मिळवायची जागा समजू नकोस. आपल्या जुन्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. गर्दी नसताना जा, त्याला चार पैसे जास्त दे, आणि नळी सायलेन्सरमध्ये असतानाच स्क्रू फिरवून आकडा बघ. दीड ते अडीच टक्क्यांच्या मधे इंजिन शांत चालत असेल तर त्याहून खाली न्यायच्या फंदात पडू नकोस. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भरमसाट असं दिसलं, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. म्हणजे ठोका चुकतोय, पुन्हा ठिणगीकडे जा.

तुझी गाडी आधी टॅक्सी असेल आणि तिचं सीएनजी किट काढलेलं असेल, तर कार्बोरेटरच्या तोंडाशी बघ. गॅसची मिक्सरची चकती तिथेच राहून गेलेली असते. तिने गळा अरुंद होतो, वर रेस दिली की हवा कमी पडते, मिस्चर रिच होतं. शिवाय वर्षानुवर्षं गॅसवर चालल्याने पेट्रोलचे पडदे आणि पॅकिंग सुकून कडक झालेले असतात. अशा गाडीला ट्यूनिंगआधी कार्बोरेटरचं पूर्ण किट बदललेलं बरं. रबरी पाइपही बदल, इथेनॉल चालेल असं लिहिलेलेच घे. जुना रबर इथेनॉलने फुगतो आणि त्याचे काळे कण जाऊन नेमके आयडलिंगच्या पायलट जेटमध्ये बसतात.

एप्रिल-मेमध्ये काशिमिऱ्याच्या नाक्यावर अडकलास आणि गाडी दम तोडून बंद पडली, स्टार्टर मारूनही घेईना, तर पेट्रोलची वाफ झालीय. पंप इंजिनाला टेकलेला, तो तापतो. बॉनेट उघड, पंपावर ओला फडका ठेव, दहा मिनिटं थांब. टॅक्सीवाले उन्हाळ्यात ओला फडका सोबतच ठेवायचे. तेव्हा स्क्रूला हात लावलास तर सगळं केलेलं मातीत जाईल. तसंच महाबळेश्वरला गेलास की साडेतेराशे मीटर उंचीवर हवा विरळ, गाडी थोडी रिच चालणारच. दोन दिवसांसाठी काही बदलायचं नाही, भाईंदरला उतरलास की ती पूर्ववत होते. पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असशील तर बाउल रिकामा कर. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे जुलैच्या हवेत ओलीला तोटा नाही. बाउलमध्ये ते पाणी बसलं की जस्ताच्या धातूवर पांढरी पावडर धरते आणि जेटचे रस्ते आतून बुजतात.

एक वही कर. मेन जेट, पायलट जेट, हवेचा जेट, तिन्हींचे आकडे, मिस्चरचा स्क्रू किती फेरे बाहेर, कुठल्या महिन्यात, पीयूसीचा आकडा काय. ॲव्हरेज मोजायचं तर टाकी एकाच पंपावर गळ्यापर्यंत भर, चालव, पुन्हा तिथेच तेवढीच भर. काट्यावर विश्वास ठेवू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि ती लिहिल्याशिवाय दुसरीला हात लावू नकोस.

पुढच्या रविवारी ये. येताना चारही प्लग काढून, त्यांवर नंबर घालून वेगवेगळ्या कागदात गुंडाळून आण, आणि मेन जेटवर कोरलेला आकडा उजेडात नीट वाचून ये. स्क्रू तोपर्यंत आहे तिथेच राहू दे.